अमेरिकन फुटबॉल आणि माझी दादरची वही

एकाहत्तरचा नोव्हेंबर, लंडनजवळच्या हाउन्सलोचं चिखल झालेलं मैदान, आणि हातमोज्यांतून पेन्सिल धरून उभी मी! कॉलेजातल्या अमेरिकन पोरांनी त्यांच्या फुटबॉलची टीम काढली होती. दादरला भावांच्या क्रिकेटचा स्कोअर लिहायचे, एवढ्या भांडवलावर मला स्कोअरर केलं. खेळ कळायचा बेताचाच... पण वही चोख.

डेव्ह आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. सगळी मदार त्याच्यावर. त्याने फेकलेला चेंडू समोरच्या टीमने पकडला की तो टर्नओव्हर... चेंडू त्यांचा, आणि बहुतेकदा मॅचही त्यांचीच. आम्ही तीन मॅचेस हरलो त्या अशाच.

शेवटच्या मॅचआधी कँटीनमध्ये मीटिंग बसली. "डेव्हला काढा, मी फेकतो," गॅरी तावातावाने म्हणाला. गॅरीचं काम डेव्हने फेकलेले चेंडू झेलायचं. डेव्ह खाली मान घालून चहा ढवळत बसला होता... मला फार वाईट वाटलं त्याचं. कॅप्टनने मला वही वाचायला सांगितली.

मी वाचलं. टर्नओव्हर, डेव्ह. समासात... झेल सुटला, गॅरी. पुढचाही तसाच, त्याच्या पुढचाही. सात टर्नओव्हरांतले चार चेंडू गॅरीच्या हातांतून उडून समोरच्यांकडे गेले होते.

"असं कोण लिहितं?" गॅरी भडकला. त्यांच्यात म्हणे टर्नओव्हर फेकणाऱ्याच्याच खात्यात जातो, झेल कुणी का सोडेना. मला काय ठाऊक! आमच्या घरच्या वहीत झेल सोडणाऱ्याचं नाव समासात जायचं, आणि मग आठवडाभर त्याची टिंगल चालायची.

कॅप्टनने डेव्हला ठेवलं.

आणि शनिवारी आम्ही हरलो! डेव्हने दोनदा चेंडू थेट समोरच्यांच्या हातात दिला, गॅरी आसपासही नव्हता. समास कोरा ठेवून मी दोन्ही डेव्हच्या नावावर लिहिले.

मॅचनंतर डेव्हने वही मागितली. मला वाटलं, आता हा रडतो की काय. त्याने त्या ओळींवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे दोन माझे. फेअर इनफ." आणि चक्क हसला.

पुढे नोकरीत, संसारात मीही बोल ऐकले... काही माझ्या चुकांचे, काही फुकटचे. देवाकडे फार काही मागत नाही. माझं असेल तेवढं सगळं माझ्या नावावर लागू दे... फक्त तेवढंच.