दोन डॉक्टर, दोन पिशव्या

अक्का गेली त्याला आता सहा आठवडे झाले. भेटायला येणारे अजूनही म्हणतात, वय झालं होतं, हिंडत्याफिरत्या गेल्या, सोनं झालं... मी मान हलवते आणि आतल्या आत चिडते. चौऱ्याहत्तर हे माझ्या थोरल्या बहिणीचं जायचं वय नव्हतं. तिचा मुलगा संजय याचा फोन आला तेव्हा मी नाशिकला माझ्या घरी होते. आई न्हाणीत चक्कर येऊन पडली, नगरला आणलंय, रक्त चढवतायत, एवढंच तो बोलला. मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. चक्कर येऊन पडलेल्या बाईला रक्त का चढवतायत, हा प्रश्न मला फोन ठेवायच्या आधीच पडला होता, आणि नगरला पोचेपर्यंत मी त्याचं उत्तर टाळत राहिले.

राहात्याला पेरूच्या बागा पुष्कळ, पण अक्काचा माल बाजारात तिच्या नावानं ओळखला जायचा. दाजी गेले तेव्हा संजय सहा वर्षांचा होता. बाग दुसऱ्याला कसायला द्यावी असं सासरच्यांनी ठरवलं. अक्कानं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच कात्री घेऊन स्वतः छाटणीला उभी राहिली, ती पुढची चाळीस वर्षं. क्रेटमध्ये वर मोठी फळं मांडून खाली बारीक दडवणं तिला खपत नसे. एकदा गड्यांनी तसं भरलं, तर भर बाजारात व्यापाऱ्यासमोर तिनं आपलाच क्रेट पालथा केला आणि खाली बसून सगळे पेरू नव्यानं निवडले. व्यापारी म्हणत होता, राहू द्या, चालतंय. तुम्हाला चालत असंल, मला न्हाई, असं म्हणून तिनं त्याला गप्प केलं. इतकी चोख बाई दोन डॉक्टरांशी मात्र खोटं बोलली, तेही निव्वळ भिडेपोटी. याचा राग मी कुणावर काढू?

दोन वर्षांपूर्वी तिला धडधड व्हायला लागली. नगरच्या हृदयाच्या डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू केली आणि दर महिन्याला रक्त तपासायला सांगितलं. तिनं एकही खेप चुकवली नाही. मग गेल्या वर्षी गुडघे धरले. बागेत जाणं बंद होईल या धास्तीनं ती श्रीरामपूरच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी दुखण्यावर गोळी दिली, थोड्या दिवसांपुरती. त्या गोळीनं ती पुन्हा झाडांतून हिंडायला लागली, म्हणून त्याच चिठ्ठीवर मेडिकलमधून आणत राहिली. दोन्ही डॉक्टरांच्या कागदांना तिनं वेगवेगळ्या कापडी पिशव्या शिवल्या होत्या, नगरची हिरवी आणि श्रीरामपूरची निळी. हिरवीतला कागद निळीत जायचा नाही. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, सगळ्यांना त्याचं कौतुकही होतं. डॉक्टरांपैकी मात्र एकालाही दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

मी तिला दर रविवारी फोन करायची आणि विचारायची, गोळ्या वेळेवर घेतेस ना? ती म्हणायची, घेते. मग आम्ही पेरूच्या भावावर आणि सुनेवर बोलायचो. एकतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला 'कोणत्या गोळ्या' हे विचारायचं सुचलं नाही. दिवाळीत गेले होते तेव्हा तिच्या हातावर निळेकाळे डाग दिसले. विचारलं, तर म्हणाली क्रेट लागला. दोन्ही हातांना, कोपरापर्यंत, क्रेट कसा लागेल... पण समोर फराळाचं ताट होतं, ती हसत होती, आणि मी चकली उचलली. ती आमची शेवटची नीट भेट.

नगरला पोचले तेव्हा ती पांढरीफटक पडली होती. आठवडाभर शौचाला काळं होत होतं, हे तिनं सुनेला, मंगलला, त्या दिवशी सकाळी सांगितलं होतं. तेही, कुणाला सांगू नको म्हणून. तिथल्या डॉक्टरांनी हिरव्या पिशवीतले कागद पाहिले आणि आणखी काही घेतात का, असं विचारलं. संजय न्हाई म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. गुडघ्याची गोळी हे औषध आहे, असं त्याच्या डोक्यातच नव्हतं. मंगलनं पर्समधून त्या गोळ्यांची पट्टी काढून पुढे धरली. डॉक्टरांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि मग शांतपणे समजावलं. दुखण्याच्या गोळीनं पोटाला आतून जखम होते, रक्त पातळ करणारी गोळी चालू असली की ती जखम वाहत राहते; शौचाला काळं होतं ते त्याच रक्तानं. महिन्याची तपासणी ठीक येत असली तरी हे होऊ शकतं. ज्या डॉक्टरनं जे दिलं ते आपापल्या जागी बरोबर होतं. पण दोन्ही एकत्र नको होतं.

अक्का शुद्धीवर होती. सगळं ऐकत होती. मी तिच्यावर चिडले, आजारी माणसावर चिडू नये हे माहीत असूनही. म्हटलं, दोघांनीही तुला विचारलं असेल ना, दुसरं काही चालू आहे का म्हणून?

"इचारलं हुतं," ती म्हणाली. "म्या न्हाई म्हनले. त्यांना वाटलं असतं, बाईचा आपल्यावर भरवसा न्हाई." मग म्हणाली, "शालन, त्या गुडघ्याच्या डॉक्टरला काय बोलू नको. लई गुनाचा हाय."

चौथ्या दिवशी ती गेली.

तरीही तेराव्यानंतर मी श्रीरामपूरला गेलेच, भांडायला. डॉक्टर संजयहून लहान. अक्काचं नाव घेताच म्हणाले, त्या दर खेपेला पेरू आणायच्या. मी सांगितलं ते ऐकून त्यांनी तिचा कागद काढला. त्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, इतर औषधे : नाहीत. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मला म्हणाले, मी पट्ट्या बघायला मागायला हव्या होत्या. मी तर दिवाळीत तिच्या हातांवरचे ते डाग पाहूनही चकली उचलली होती.

राहात्याला परत आले, तर स्वयंपाकघरात मंगल भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी होती. मागच्या महिन्याचं पान उलटायला तिचा हात धजत नव्हता. ती पडली त्या दिवसापर्यंतच्या प्रत्येक तारखेच्या चौकोनात अक्काच्या हातच्या दोन खुणा होत्या, निळ्या शाईची गुडघ्याच्या गोळीची, लाल शाईची हृदयाच्या गोळीची. मी मागची पानं चाळली. महिन्यामागून महिने, निळी आणि लाल शेजारी शेजारी, एकही चौकोन रिकामा नाही. त्याच भिंतीखाली बसून आम्ही सगळे जेवत होतो. लक्ष्मीपूजन कितीला आहे हे मी त्याच कॅलेंडरवर, त्या खुणांवर बोट ठेवून पाहिलं होतं.