मूठभर पीठ
ताज्या दळलेल्या पिठाचा गरम वास आला की मला तेल्हाऱ्याच्या सासरघरातलं जातं आठवतं. एका साली कापसाला असा भाव होता की सासऱ्यांनी सगळ्या रानात पऱ्हाटीच लावली आणि खायची ज्वारी विकत आणायची वेळ आली. वेचलेल्या कापसाची ओझी वाहून वाहून सासूबाईंचा उजवा खांदा धरला. वैद्य म्हणाले, रोज हात फिरवा, नाहीतर तो असाच राहील. दिराने तालमीतून फिरवायचा जड लाकडी मुद्गल आणला. "हे उचलून मले कोनासंग कुस्ती खेळाची हाय?" म्हणत सासूबाईंनी तो कोपऱ्यात ठेवायला लावला. मग नुसता हातच भिंतीवर वर चढवत जा, असं वैद्यांनी सुचवलं. तेही त्यांना पटेना. "शेजारनी म्हनतीन, म्हातारीच्या अंगात आलं." शेवटी हात फिरावा म्हणून त्या जात्याशी बसल्या. पण दिवसाचं दळण मी पहाटेच उरकलेलं, जास्तीची ज्वारी घरात नव्हती, आणि रिकामं जातं काही फिरवायचं नसतं. म्हणून त्यांनी मडक्यातलं मूठभर पीठ घेतलं आणि तेच पुन्हा पुन्हा जात्यात घालून ओढत राहिल्या. पीठ राखेसारखं मऊ होत गेलं. मी विचारलं, "दुखते का?" डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "दुखते त. पन परवा वेचाले जाच लागन." आता माझाच खांदा धरला आहे. ज्वारीचं पोतं भरलेलं आहे, सून म्हणते, हवं तेवढं दळा. तरी जात्याशी बसले की माझा हात पोत्याकडे जात नाही, पिठाच्या मडक्याकडेच जातो.