घंटेचा दोर

माझा स्वभाव तापट आहे हे आमच्या चर्चमध्ये सगळ्यांना माहीत आहे. तरीही मला तरुण संघाची सेक्रेटरी केलं, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी एका गरीब मुलीवर खेकसले त्याचं कुणाला नवल वाटायला नको.

आमचं चर्च कळमनुरीत आहे. लहानसंच. रविवारी पन्नास-साठ माणसं येतात, त्यातली काही आखाडा बाळापूरच्या बाजूच्या खेड्यांतून काळीपिवळीनं. अंगणात दोन लोखंडी खांबांवर घंटा टांगलेली आहे आणि ती माझे बाबा वाजवतात. तहसील कचेरीतून शिपाई म्हणून ते निवृत्त झाले, पण खरी नोकरी त्यांनी या घंटेचीच केली. उपासनेआधी अर्धा तास पहिली घंटा, सुरू होताना दुसरी. तीस वर्षांत एक रविवार चुकला नाही. घंटेच्या दोराला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नाही. पाळकसाहेबांनी एकदा हौसेनं ओढून पाहिला, तर बाबा त्यांच्याशी दोन दिवस नीट बोलले नव्हते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. संघाचं एक दिवसाचं शिबिर तोपर्यंत फक्त मुलांचं व्हायचं. मुलं रानात जाऊन खेळायची आणि मुली चर्चच्या हॉलमध्ये वचनांचं पाठांतर करत बसायच्या. सेक्रेटरी झाल्यावर पहिल्याच बैठकीत मी म्हणाले, मुलींनाही न्यायचं. पंचमंडळी एकमेकांकडं बघायला लागली. "पोरी दिवसभर रानात? काई कमीजास्त झालं तर?" सगळ्यात वयस्कर पंचांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाबा मागच्या बाकावरून उठले.

"माझी पोरगी हाय संगं," ते म्हणाले. "काई झालं तर मी जबाबदार. मला विचारा."

बाबा बैठकीत कधी बोलत नसत. त्यांच्या शब्दावर परवानगी मिळाली. दिवस मावळायच्या आत परत यायचं, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, उपासनेनंतर पंचांपुढं अहवाल द्यायचा. काही वेडंवाकडं घडलं तर मुली पुन्हा हॉलमध्ये, कायमच्या. आणि बाबांचा शब्द गेला तो गेलाच. घरी जाताना मी त्यांना म्हणाले, "तुमची मान खाली जाऊ देणार नाही." ते नुसते हसले.

शनिवारी सकाळी सहाला संघाच्या उपाध्यक्षाचा फोन आला. रस्सीखेचीसाठी दोर आणायचं काम त्याच्याकडं होतं. म्हणे, दोर ट्रॅक्टरमध्ये राहिला आणि ट्रॅक्टर घेऊन त्याचे मामा नांदेडला गेले. मी त्याला फोनवर जे बोलले ते शिबिराच्या सकाळी बोलायला नको होतं. मुली महिनाभर रस्सीखेचीच्याच गप्पा मारत होत्या. मी चर्चचं कुलूप काढायला गेले आणि माझी नजर घंटेकडं गेली. दोर चांगला लांब, वरच्या चाकावरून फिरून खाली आलेला. बाबा दूध आणायला गेले होते. मी शिडी लावली, दोर सोडला, पिशवीत कोंबला. संध्याकाळी परत बांधू, कुणाला कळणार आहे? आपण चोरी करतोय असं मला तेव्हा वाटलंसुद्धा नाही.

शिबिराची जागा बाळापूरजवळ आमच्याच एका कुटुंबाच्या हळदीच्या रानात होती. हळद काढून, शिजवून झाली होती आणि ताडपत्र्यांवर वाळत पडली होती. सगळ्या रानाला तिचा वास. कुंपणाला जुन्या साड्या बांधलेल्या, रानडुकरांना बुजवायला. आम्ही बावीस जण होतो, त्यात अकरा मुली. निंबाखाली ढोलकीवर गाणी झाली, पाळकबाईंनी संदेश थोडक्यात आटोपला, त्याबद्दल त्यांचे उपकार. मग पोहे खाऊन खेळ सुरू. लिंबू-चमचा झाला, तीन पायांची शर्यत झाली, डोळे बांधून जोडीदाराच्या आवाजावर चालायचा खेळ झाला. गट पाडताना सगळ्यात शेवटी एक मुलगी उरायची. बाळापूरच्या बाजूची, वीसेक वर्षांची, हंगामात हळदीच्या कामाला जाणारी. बोटं पिवळी, बोलणं नाहीच. ज्या गटात जाई तिथं कडेला उभी राही.

रस्सीखेच ठेवली मुली विरुद्ध मुलं, इकडं सात जणी, तिकडं सात जण. पहिला डाव मुलींनी जिंकला. खोटं सांगत नाही, मुलं चपला घासत ओढली गेली. शेतात राबणाऱ्या मुलींचे दंड काय असतात हे कळमनुरीच्या कॉलेजकुमारांना त्या दिवशी कळलं. मी इतकी ओरडले की माझा घसा बसला. दुसरा डाव लागला, दोन्हीकडून जोर आला आणि मधेच फाडकन आवाज झाला. चौदाच्या चौदा पाठीवर पडले. कुणाला काही लागलं नाही. सगळे धुळीत लोळून हसत होते.

मी हसले नाही. दोराचे दोन तुकडे झाले होते. वरच्या चाकावर घासून घासून जिथं तो झिजला होता, नेमका तिथंच तुटला होता. उद्या सकाळी पहिली घंटा. बाबा अंगणात येणार, वर बघणार.

हा दोर घंटेचा आहे, असं मी सांगितलं तेव्हा हसणं थांबलं. उपाध्यक्षानं गाडीची किल्ली काढली. "मी बाळापूरहून नवा घेऊन येतो. रंग बी तसाच बघतो. कोणाला समजणार न्हाई."

मला ते पटत होतं. तेवढ्यात कडेची ती मुलगी पहिल्यांदा बोलली.

"इकत काहून आणायचा ताई? दोर वळायला तर आपल्याला येते. आपल्याच लोकाइचं काम हाय."

"गप बस!" मी इतक्या जोरात ओरडले की पाळकबाई दचकल्या.

मी का ओरडले ते आता लिहिते. आमच्या आजोबांनी, पणजोबांनी दोर वळूनच पोट भरलं. गावात प्रत्येकाच्या विहिरीला, प्रत्येकाच्या बैलाला त्यांचा दोर असायचा, आणि सुगीला ते दारोदार जाऊन अंगणाबाहेर उभे राहायचे. आत यायची परवानगी नव्हती. आतून जे टाकतील ते पदरात घ्यायचं. बाबा ते बघत वाढले. कचेरीत नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी वळायची अवजारं ओढ्यात फेकून दिली, असं आत्या सांगते. आमच्या घरात त्या कामाचं नाव निघत नसे. शाळेत मला कुणी आजोबांचं काम विचारलं की मी "शेती" सांगायचे. शेत आम्हाला वीतभरही नव्हतं.

त्या मुलीनं मान खाली घातली. ती खाली गेलेली मान आठवली की मला आजही लाज वाटते. तिनं काय वाईट म्हटलं होतं? काम येतं, एवढंच म्हणाली होती. मी तिच्याजवळ गेले आणि सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. मग विचारलं, "खरंच येतं तुला?"

"आजीनं शिकवलं," ती म्हणाली. "पन एकटीचं काम न्हाई हे. समदे लागतेत."

शेडमध्ये खताची रिकामी पोती पडली होती. शेतमालकीण म्हणाली, न्या किती पाहिजेत तितकी. मग खेळ संपले आणि हे सुरू झालं. दहा-बारा जण पोत्यांचे धागे उसवायला बसले. धागे पाण्यात बुडवून, झटकून, मूठमूठ जोडत ती पेड सोडत गेली आणि एक जण काठीनं पीळ देत मागं मागं चालत गेला. असे तीन पेड झाले. मग निंबापासून पार बांधापर्यंत ते ताणले. एका टोकाला तिघं, तिघांनी एकाच वेगानं फिरवायचं. मधे ती, हातात लाकडाचा ठोकळा घेऊन तिन्ही पेडांना वेगळं ठेवत पाऊल पाऊल सरकणारी. एखादा जरी जास्त फिरला की दोराला गाठ येते.

"सारखं फिरवा! दादा, तुमी घाई करून राहिले. बराबर फिरवा!" सकाळपासून ज्या मुलीचा आवाज कुणी ऐकला नव्हता, ती बी.कॉम. झालेल्या उपाध्यक्षाला दटावत होती आणि तो निमूट ऐकत होता. दोनदा गाठ आली, दोनदा तिनं सगळं उलगडायला लावलं. मुलांच्या तळहातांना फोड आले. कुणीतरी गाणं धरलं, मग त्या तालावर फिरणं आपोआप सारखं झालं. त्यानंतर मी बाहेरचीही कितीतरी शिबिरं केली, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी घेतलेले संघभावनेचे खेळसुद्धा खेळले. असा खेळ पुन्हा पाहिला नाही. पांढरा दोर, मधूनच हिरवी रेघ. चौदा जणांनी ओढून बघितला. तुटला नाही. मला इतका अभिमान वाटला की रडू आलं, आणि ते लपवायला मी पोरांवर भांडी घासली नाहीत म्हणून ओरडले.

दिवस मावळायच्या आत सगळ्या मुली घरी पोचल्या. मी बाबांपुढं दोर ठेवला आणि खरं ते सांगितलं. ते दोर मांडीवर घेऊन त्यावरून हात फिरवत टोकापर्यंत आले. टोक आम्ही घाईत कसंबसं बांधलं होतं. त्यांनी ते सोडलं, पायाच्या अंगठ्यात दोर धरला आणि तीनही पेड झरझर एकमेकांत गुंतवून टोक असं बंद केलं की कुठं संपलं ते दिसेना. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे ते हात बघितले.

"तुम्हाला अजून येतं?" मी विचारलं.

"इसरता येते का?" एवढंच म्हणाले, आणि शिडी घेऊन बाहेर गेले.

रविवारी पहिली घंटा वेळेवर झाली, दुसरीही. उपासनेनंतर पंच बसले. बावीसच्या बावीस जण भिंतीला टेकून उभे. वयस्कर पंच म्हणाले, "अहवाल मागून सांगा. आधी हे सांगा, घंटेला हा दोर कसला?"

मी पुढं होऊन सगळं सांगितलं. न विचारता नेला, तो तुटला, चूक माझी, मुलींची नाही. पंच बाबांकडं वळले. "तुमी जबाबदारी घेतली होती."

"घेतली होती. आजबी घेतो." बाबा पुढं आले. "तुटला तो मी बाजारातून आणलेला होता. हा या लेकरांनी वळला." मला वाटलं, संपलं त्यांचं बोलणं. "माझा बाप असाच वळायचा. गावातल्या समद्या विहिरींवर त्याचाच दोर राहायचा. त्याचा दोर कधी तुटला न्हाई."

हॉलमधल्या कितीजणांचे आजोबा काय करत होते, हे सगळ्यांनाच माहीत होतं. वयस्कर पंच उठून काठी टेकत अंगणात गेले, मागोमाग आम्ही सगळे. त्यांनी दोर बोटांनी चाचपला. "माझा बाप बी," ते हळूच म्हणाले, आणि दोन्ही हातांनी दोर ओढला. घंटा वाजली. मी बाबांकडं पाहिलं, आता चिडणार म्हणून. त्यांनी बाळापूरकडच्या त्या मुलीला हाक मारली आणि दोर तिच्या हातात दिला. तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. मुलींच्या शिबिराचं त्या दिवशी कुणी विचारलंच नाही. तेव्हापासून ते दर वर्षी होतं.

भर दुपारी घंटा थांबेना, तेव्हा समोरचा किराणा दुकानदार रस्ता ओलांडून आला. "काका, आज कोणता सण हाय?"

"सण न्हाई," बाबा म्हणाले. "माझ्या बापाचं काम दाखवून राहिलो."