बांधलेला देव

कर्जतला जुन्या कागदपत्रांच्या ज्या संग्रहात मी पंधरा-सोळा वर्षं नोकरी केली, तिथली दुपार कधी संपायचीच नाही. कौलांतून उन्हाचे दोन कवडसे फरशीवर उतरत, सावकाश सरकत, आणि मी मोडीतली एखादी ओळ बोटाने धरून तिच्या मागोमाग जात राही. मोडी लिहिणारा लेखणी सहसा उचलत नाही, त्यामुळे वाचणाराही एकदा आत शिरला की बाहेर यायचं विसरतो. शिपायाने शेजारी ठेवलेला चहा रोज गार व्हायचा.

लोक घरची दप्तरं रुमालात बांधून आणून देत. पोच घेताना प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला: आमचे पूर्वज सरदार होते ना? घोड्यावरून खाली उतरायला कुणी तयारच नव्हतं. कागदांत निघायची ती बहुतेक भाऊबंदांची भांडणं. आमची माणसंही तिथे भेटायची, पण बिननावाची. ‘गावचा महार हजर’, एवढंच. हजर होता, काय बोलला, कुणाचा कोण, काही नाही. मला याचा फार राग यायचा. तो गिळून मी पुढचं पान उलटायचो.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस माझे वडील वारले. महिन्याभराने आत्याने मला पडवीत बोलावलं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांच्या बाजूला आमच्याच घरी परत आलेली. तिने भाताच्या कणगीत हात घातला आणि तळातून एक लाल फडक्याचं गाठोडं काढलं. कुंकवाने फडकं कडक झालं होतं. मी ते लगेच ओळखलं. माझ्या लहानपणी आमच्या देव्हाऱ्यात ते टाकांच्या शेजारी असायचं. त्याला बांधलेला देव म्हणत. दसऱ्याला त्याच्यावर हळदकुंकू पडे. आत काय आहे ते कुणी पाहिलं नव्हतं आणि देव सोडून बघायची कुणाची छातीही नव्हती.

“हे तर नदीत गेलं होतं ना?” मी विचारलं.

गेलंच असतं. छप्पन साली आम्ही धम्म घेतला, तेव्हा वडिलांनी देव्हारा रिकामा करून सगळं टोपलीत भरलं. टोपली आत्याच्या डोक्यावर होती. उल्हास नदीत तिने एकेक टाक सोडला आणि हे गाठोडं मात्र कमरेला खोचलं.

“का गं?”

“बाकीचे हाताला गार लागले. ह्यो ऊबदार लागला. का ठिवला ते मलाच ठावं नाय रं.”

नदीवरून परतल्यावर सगळ्यांबरोबर तिनेही शपथ घेतली होती, जुने देव मानणार नाही म्हणून. तेव्हापासून वीस-बावीस वर्षं विहारात वंदनेला ती सगळ्यांच्या मागे, दाराशी बसायची. गुडघे दुखतात, उठायला सोपं जातं, असं सांगायची. आम्ही तिची थट्टा करायचो, गुडघे दुखतात आणि मोळ्या बऱ्या वाहतेस म्हणून. खरं कारण त्या दिवशी कळलं आणि मला माझीच लाज वाटली.

“तू येवढा वाचतोस. ह्यो देव हाय का कागूद, येवढं सांग. देव आसंल तर मी शपथ मोडली. भावाला फसिवलं. आता त्याला सांगाया बी येत नाय.”

गाठोडं मी कचेरीत नेलं. कुंकवाने घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. ओलसर टीपकागदाखाली ठेवत, बांबूच्या पातळ सुरीने सोडवत, त्याला आठ दिवस लागले. आत एकच लांब कागद होता. वाचला, आणि मी ताडकन उठून उभा राहिलो. कशाला उठलो, कुणास ठाऊक.

रविवारी दुपारी पडवीत बसून मी तो आत्याला वाचून दाखवला. दोन गावांत शिवेचा तंटा होता. जुन्या काळी असा तंटा मिटेना, तर महाराने शिवेची माती डोक्यावर घेऊन चालायचं आणि तो चालेल ती शीव, अशी रीत होती. कागदात त्या चालण्याची हकीकत होती. माती डोईवर घेऊन जोडआंब्यापासून निघाला. ओढा डावा टाकून चढणीस लागला. पुढे बेहडा.

आत्याने डोळे मिटले होते. “बेहड्याच्या फुडं पायरीचा खडक.”

मी कागदाकडे पाहिलं. पुढचा शब्द खडकच होता.

“मंग उंबर. त्येच्या बुडाला पानी.”

उंबर. उंबराखाली झरा.

“तुला कसं ठाऊक?”

“मोळी घेऊन तिथनंच येते की मी. बेहडा कवाच पडला. खोड हाय.”

पुढे मी वाचत होतो की ती सांगत होती, ते मला नीट सांगता येणार नाही. ऊन अंगणात थांबलं होतं. डोक्यावर माती घेतलेला एक माणूस पुढे, मोळी घेतलेली आत्या त्याच्या मागे, आणि सगळ्यांत मागे मी. वाट उतरून पुन्हा ओढ्याशी आली, तेव्हा कागद संपत आला होता. शेवटच्या ओळीत त्या माणसाचं नाव होतं. पुढे बापाचं नाव. त्याने जे सांगितलं ते दोन्ही गावांनी मानलं, असं लिहिलं होतं.

“देव नाही, आत्या. माणूस आहे. आपला.”

ती पदराने डोळे पुसत म्हणाली, “मानूस व्हता रं. पान्यात सोडला असता मी.”

कागद संग्रहात ठेवायला तिने होकार दिला. फडकं मात्र धुऊन वापरीन म्हणाली आणि काढून घेतलं. मी निघालो, तेव्हा अंगणापर्यंत मागे आली.

“तितं त्याला परत देव नाय ना करनार कुनी?”

“नाही. त्या कपाटात सगळी माणसंच आहेत.”

पुढच्या पौर्णिमेला विहारात गेलो, तर दाराशी ती दिसेना. मी बाहेर शोधून आलो. आत्या पहिल्या रांगेत बसली होती.