बोथट चोचीचा मोर

सातपूरच्या एमआयडीसीत पप्पांचं लहानसं वर्कशॉप होतं. बंगल्यांची गेटं, खिडक्यांची ग्रिल्स. नक्षी ते स्वतः कागदावर काढायचे. मी पुण्याला सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागले, त्याच सुमारास त्यांनी कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन घेतलं.

एका शनिवारी घरी आले, तर पप्पांचं जेवणात लक्ष नव्हतं. आई म्हणाली, "मशीन अडखळतंय. मेकॅनिक येऊन गेला, त्यालाही कळेना."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर वर्कशॉपला गेले. पत्र्यात मोर कापायला लावला होता. मशीन थरथरत होतं आणि मोराची पाठ करवतीसारखी दातेरी झाली होती. मी फाईल उघडली. चित्र स्कॅन करताना पेन्सिलीची प्रत्येक बारीक हालचाल बिंदू म्हणून टिपली गेली होती. साध्या वळणावर बिंदूंची मुंग्यांसारखी रांग, आणि मशीन प्रत्येक बिंदूपाशी अडत होतं.

"मशीन ठीक आहे, पप्पा. बिंदू फार झालेत. नको ते काढायला हवेत."

"मग टाक काढून."

मी तिथेच कोड लिहायला बसले. जो बिंदू काढल्यावर रेघ फारशी हलत नाही, तो काढायचा. दुपारी मशीन झरझर चालायला लागलं. पप्पांनी कापलेला मोर उजेडात धरला.

"अगं, याची चोच कुठे गेली? ही तर कोंबडी झाली!"

खरंच, टोकाचा बिंदूही गेला होता. आम्ही दोघं खूप हसलो. कॉलेजला गेल्यापासून आमचं बोलणं 'पोहोचलीस का, जेवलीस का' एवढ्यावरच आलं होतं.

मग मी जवळजवळ दर रविवारी यायला लागले. मी कोड बदलायचा, पप्पांनी कापून बघायचं. "मान ताठली." "पिसारा झकास." हळूहळू वळणं गुळगुळीत आणि टोकं धारदार राहायला लागली.

पुढे तो कोड मी लायब्ररी म्हणून इंटरनेटवर खुला केला. कुणीही घ्यावा, आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरावा, सुधारावा. एका परदेशी बाईंनी कळवलं, की त्या भरतकामाच्या मशीनसाठी तो वापरतात. पप्पांना सांगितलं, तर म्हणाले, "मोर भरतात का त्या? विचार की."

मी विचारलं. त्यांनी उशीच्या अभ्र्यावर भरलेल्या राजहंसाचा फोटो पाठवला. पुढच्या शनिवारी पप्पांनी तो शेजारच्या सगळ्या गाळ्यांत फिरून दाखवला. "माझ्या मुलीचं काम आहे," असं ते म्हणत होते. मी दारात उभी राहून ऐकत होते.

आता पप्पा थकलेत, गाळा दुसऱ्याकडे गेलाय. लायब्ररीही दुसरेच लोक सांभाळतात. त्यांनी केलेले बदल कधीमधी वाचते, निम्मे डोक्यावरून जातात. मला आठवतो तो रविवारचा एमआयडीसीतला शुकशुकाट, तापलेल्या पत्र्याचा वास, आणि शेजारी स्टुलावर बसून, काही कळत नसतानाही माझ्या स्क्रीनकडे टक लावून बघणारे पप्पा.