बाभळीवरची चिंधी

सरपण तोडायला मला माझ्या मोठ्या जावेनं शिकवलं. माझं माहेर पिंपळगाव राजाचं. तिथं आमची चूल कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर पेटायची आणि कुऱ्हाड मी फक्त पुरुषांच्या हातात पाहिलेली. लोणारजवळच्या या खेड्यात मात्र सरपण हे बायांचं काम होतं. सरळ घाव घातला तर कुऱ्हाड लाकडात रुतून बसते, तिरपा घालायचा, हे तिनं माझा हात धरून दाखवलं. माझ्या तळहातांवरचे पहिले फोड तिनंच हळद लावून बसवले.

गांधीलमाश्यांचं ज्ञानही तिचंच. माश्या उठल्या तर हात झाडत पळायचं नाही. पदर डोक्यावरून ओढून, तोंड गुडघ्यात घालून बसायचं. त्यापेक्षा महत्त्वाची एक रीत होती. झाडावर पोळं दिसलं, की जिला दिसलं तिनं जुन्या लुगड्याची चिंधी फाडून वाटेकडच्या फांदीला बांधायची. मग त्या झाडाला कोणी हात लावायचा नाही. थंडीत माश्या गेल्या, की ते झाड चिंधी बांधणारीचं. आमच्या गावात विहिरीवर पाण्यावरून झिंज्या उपटल्या जात, पण कोणाची चिंधी कोणी सोडल्याचं मी ऐकलं नव्हतं.

जाऊ माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मी येईपर्यंत सहा वर्षं त्या घरात चुलीपुढं ती एकटी होती. तिला अक्षर येत नव्हतं. तिच्या माहेरचं पत्र आलं, की दुपारी भांडी घासून झाल्यावर ती ते माझ्या मांडीवर ठेवायची आणि मी वाचायची. एकच पत्र तीनतीनदा. तिसऱ्या वेळी तर मी चुकले की तीच पुढचं वाक्य सांगायची आणि आम्ही दोघी हसायचो. सासूबाई म्हणायच्या, या दोघी जावा नाहीत, बहिणी आहेत. मलाही तसंच वाटायचं. मूर्खच होते मी.

महाराष्ट्र राज्य होऊन तीनचार वर्षं झाली होती. खेडोपाडी शाळा उघडत होत्या, आणि सातवी पास बाई मिळाली तर तिला मास्तरीण म्हणून घेत होते. मी सातवी पास होते. माझा अर्ज गेला, मेहकरला मुलाखतीचं बोलावणं आलं. सासऱ्यांनी आधी हो म्हटलं, मग नाही, मग पुन्हा हो. चौथ्यांदा विचारायची माझी हिंमत नव्हती. ही एवढी एकच संधी आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. जावेनं माझं ठेवणीतलं पातळ धुतलं, तांब्यात निखारे घालून तो त्याच्यावर इस्त्रीसारखा फिरवला आणि घडी करून माझ्या पेटीवर ठेवलं. मला रडू आलं होतं.

सासूबाईंची अट एकच: जायच्या आधी दोन दिवसांचं सरपण टाकून जा. म्हणून आदल्या दिवशी आम्ही दोघी नाल्याकाठी गेलो. जाऊ म्हणाली, तू ही बाभूळ घे, हिचा खालचा फाटा वाळलाय, लवकर होईल तुझं. मी पुढं बांधावर जाते. मी झाडाभोवती फिरून पाहिलं. चिंधी नव्हती. मी पदर खोचला.

तिसऱ्या घावाला झाड गुणगुणलं. मान वर करेपर्यंत पहिली माशी भुवईवर बसली होती. डोळ्यात निखारा पडावा तसं झालं. मग हातावर, मानेवर, ओठावर. मी पदर ओढून खाली बसले, तिनं शिकवलं तसंच. पळाले असते तर कदाचित कमी चावल्या असत्या, देव जाणे. जाऊ धावत आली. वाळलेल्या गवताचा जुडगा पेटवून, धूर करत तिनं मला दंडाला धरून बाहेर ओढलं. तिलाही दोनतीन चावल्या. डंखाला लोखंड लावतात म्हणून तिनं कुऱ्हाडीचं पातं माझ्या तोंडावर घासलं, न्याहारीतला कांदा दगडानं ठेचून माझ्या उजव्या हातावर बसवला, आणि कमरेला खोचलेली चिंधी काढून वर बांधली. गाठ तिनं तीनदा सोडून पुन्हा बांधली. मला वाटलं, माझ्या काळजीनं.

संध्याकाळी माझं तोंड पुरीसारखं टम्म फुगलं होतं. डावा डोळा बंद, ओठ असा की पाणीसुद्धा पिता येईना. सासरे दारातूनच बघून म्हणाले, हे तोंड घेऊन कुठं जाते आता. त्यांचा आवाज जरा सुटका झाल्यासारखाच होता.

कांदा बदलायला मी चुलीच्या उजेडात हातावरची चिंधी सोडली. जावेच्या हिरव्या लुगड्याची होती. वरून उन्हानं पार विटलेली, पण मधे, गाठीच्या वळ्यांत, रंग अजून गर्द. आणि त्या वळ्यांत बाभळीचा डिंक चिकटलेला, डिंकात एक काटा. दिवसचे दिवस झाडाला बांधून राहिल्याशिवाय चिंधी अशी होत नाही. हे कळायला मला दोन डोळे लागले नाहीत.

जाऊ भाकरी थापत होती. मी चिंधी तिच्यापुढं परातीच्या काठावर ठेवली.

"बाई, ही झाडावरून तुम्ही सोडली?"

तिनं भाकर तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. मग म्हणाली, "हाव. काल."

"काऊन?"

"मले वाटलं एकदोन डसतीन. तोंड सुजन, अन तुयं जाणं राहीन. इतक्या उठतीन असं नव्हतं वाटलं." ती चुलीकडंच बघत होती. "तू गेली असती तं मी पुन्हा एकटीच राह्यली असती वं."

परक्यानं केलं असतं तर मी गाव गोळा केलं असतं. इथं केसानं गळा कापला होता, आणि कापणारीच कांदा ठेचून बांधत होती. मी कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सासऱ्यांनी तिला माहेरी धाडलं असतं. आणि मलाही मेहकरला कोणी नेणार नव्हतं. सकाळी फाट्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला, निघाल्याचाही. ती जागा दुसऱ्या कोणा बाईला मिळाली. मला पुन्हा कधी बोलावणं आलं नाही.

थंडीत माश्या गेल्यावर ती बाभूळ आम्ही दोघींनीच तोडली. रीतीनं झाड तिचं होतं. ती बोलत होती, मी घाव घालत होते.

पौषात तिच्या माहेरचं पत्र आलं. दुपारी भांडी घासून झाल्यावर तिनं ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि नेहमीसारखी गुडघ्याला गुडघा लावून बसली. मी पत्र उचलून तिच्या हातात परत दिलं.

"मले दिसून नाही राह्यलं," मी म्हटलं.

डोळ्याची सूज उतरून तेव्हा महिना होऊन गेला होता. तिनं माझ्या डोळ्याकडं पाहिलं, पत्राची घडी केली आणि कोनाड्यात ठेवली. त्याच्यानंतर आलेली पत्रंही ती तिथंच ठेवत गेली.