धाकट्यावर ठेवलेला ठपका

दादा बाइंडर होते. कचेऱ्यांची जाडजूड रजिस्टरं, वाचनालयातली पानं निसटलेली पुस्तकं, सगळं त्यांच्याकडे यायचं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याकडे दार, मागच्या भिंतीला वरती एक झरोका आणि मधोमध टेबल. टेबलाच्या एका अंगाला दादा पुठ्ठे कापत, दुसऱ्या अंगाला धाकटा भाऊ पानं शिवत बसे. चौदा वर्षं दोघांनी त्याच खोलीतली हवा घेतली, तीच खळीच्या आंबूस वासाची, कागदाच्या धुळीची.

धाकटा सव्वीस वर्षांचा असताना खोकायला लागला. आधी धुळीचा खोकला म्हणून सगळ्यांनी दुर्लक्ष केलं, मग थुंकीत रक्त दिसलं. टीबी निघाला. सहा महिने त्याने गोळ्या घेतल्या, अंगावर मूठभर मांस चढलं आणि तो पुन्हा टेबलाशी येऊन बसला. "आता तुझ्यापेक्षा जास्त जगतो बघ," असं दादांना चिडवायचाही.

दोन वर्षांनी दुखणं उलटलं.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "गोळ्या नीट घेतल्या असतील तर सहसा असं होत नाही." यातला 'सहसा' दादांच्या कानात शिरलाच नाही. घरी येताच त्यांनी धाकट्याला फैलावर घेतलं.

"किती दिवस चुकवलेस?"

"एकही नाही, दादा."

"मग मला कसं काही झालं नाही? मी काय दुसऱ्या खोलीत श्वास घेतो?"

धाकट्याच्या बायकोने आतून गोळ्यांचं कार्ड आणून समोर धरलं. रोजची खूण होती, सहा महिन्यांत एकही घर मोकळं नव्हतं. दादांनी त्यावर नजर फिरवली आणि म्हणाले, "खुणा काय, कुणीही करतं."

हे वाक्य ते धाकट्याच्या सासुरवाडीच्या माणसांदेखत बोलले. पुढच्या आठवड्यात त्यांनी धाकट्याची शिवायची सुई, दोरा, दाभण एका पिशवीत भरून त्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवलं. घरात दादांची दोन लहान मुलं होती, त्यांची काळजी खरीच होती. पण उपचार सुरू होऊन महिना-दोन महिने झाले की धोका बहुतेक सरतो, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते दोन महिने सरले, तरी दादांनी त्याला टेबलाशी परत बोलावलं नाही.

धाकटा बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन सासऱ्यांच्या गावी गेला. दीड वर्षाने तिथेच वारला. दादा पोहोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. परतताना बसमध्ये शेजारच्या माणसाने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "भाऊ गेला. हयगय नडली." अठरा वर्षं ते सगळ्यांना हेच सांगत आले.

मग बहीण आजारी पडली. दोघांच्या मधली. शाळेत शिकवणारी, वेळेवर जेवणारी, पाणीसुद्धा गाळून, उकळून पिणारी बाई. कंबर दुखते म्हणता म्हणता मणक्याचा टीबी निघाला. तिला हयगयी म्हणायला कुणाची जीभ रेटली नसती, दादांचीही नाही.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी घरातल्या आजारांची बारकाईने चौकशी केली आणि बहीणभाऊ दोघांचं रक्त तपासायला घेतलं. काही आठवड्यांनी त्यांनी दादांना समोर बसवून सांगितलं.

"जंतू आत शिरला की शरीरातल्या पेशी एकमेकींना हाक देतात. मग जंतू मारणाऱ्या पेशी जोमाने कामाला लागतात. ही हाक देणारं एक जनुक असतं. त्याची एक प्रत आईकडून मिळते, एक वडिलांकडून. तुमची एक प्रत बिघडलेली आहे, एक चांगली. एक चांगली असली की भागतं. ताईंच्या वाट्याला मात्र दोन्ही बिघडलेल्याच आल्या."

दादा म्हणाले, "माझा धाकटा भाऊ..."

"त्यांच्याही वाट्याला तेच आलं असेल, अशी शक्यता बरीच आहे. पण त्यांचं रक्त आता आपल्याकडे नाही. मी ठाम सांगणार नाही. नुसत्या जनुकावर सगळं ठरत नाही, खाणं, हवा, किती जंतू शिरले, हेही असतं."

"आणि गोळ्या? चुकवल्या नसतील तरी उलटू शकतं?"

"शकतं."

दुसऱ्या दिवशी दादा भावजयीच्या गावी गेले. ती पोळपाटावरचे हात पुसत बाहेर आली, त्यांना खुर्ची दिली, स्वतः दाराशी उभी राहिली. दादांनी सगळं सांगितलं, अडखळत, डॉक्टरीणबाईंचे शब्द जमतील तसे वापरत. शेवटी म्हणाले, "मी त्याच्यावर उगाच आळ घेतला."

"हे कळायला मला रक्ताच्या तपासणीची गरज नव्हती, दादा," ती म्हणाली. "रोज मीच पाण्याचा पेला धरून समोर बसत होते."

"माझं चुकलं."

"ते त्याला ऐकायचं होतं. शेवटी शेवटी ताप चढला की विचारायचा, 'दादाला पटलं का गं?' मी काय सांगणार?" तिने पदराने तोंड पुसलं. मग एकदम तिच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. "पोरीला धोका आहे का?"

दादांनी डॉक्टरीणबाईंचा फोन नंबर लिहून दिला. पुतणीची तपासणी झाली. एक प्रत बिघडलेली निघाली, एक चांगली. भावजयीने फोनवर एवढंच कळवलं आणि फोन ठेवला.

बहीण हळूहळू उठून चालू लागली. तिच्या खोलीत बसून दादा तिच्या गोळ्या काढून देतात. "घेतल्यास ना?" असं मात्र ते कधी विचारत नाहीत. तिला ते जाणवतं.

दुकानात कुणी जुनं गिऱ्हाईक धाकट्याची आठवण काढतं. पूर्वीचं ते वाक्य आता दादांच्या तोंडून निघत नाही. "तो गोळ्या नीट घेत होता," असं ते सांगतात. गिऱ्हाइकाने ते विचारलेलंही नसतं.